एकही गाळू नका

डोंबिवलीहून सुचिताचा, म्हणजे नंदकुमारच्या धाकट्या बहिणीचा, निरोप आला की दादा, फोटो उघडत नाहीयेत, नुसता करडा चौकोन दिसतोय. तो तेव्हा करंजाड्याच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, लॅपटॉपसमोर बसला होता आणि काम फत्ते झालं अशा समजुतीत होता. मुलीच्या लग्नाचे अकरा फोटो त्याने सकाळपासून खपून तयार केले होते. तयार केले म्हणजे प्रत्येक फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं खोडून त्या जागी जेपीजी असं लिहिलं होतं. फाइलचं नाव बदललं की फाइल बदलते, असं त्याने कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. त्याला ते सरळ वाटलं होतं. आता त्याने स्वतः त्यातली एक उघडून पाहिली, तर पडद्यावर सूचना आली की ही फाइल खराब झालेली असावी किंवा तिचा प्रकार ओळखता येत नाही. त्याने ती सूचना दोनदा वाचली. एकतीस वर्षं पावणे एमआयडीसीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. माल खराब आहे की बरा, हे तो सांगायचा. त्याला कुणी सांगायचं नाही. आणि हे मशीन, ज्याला बघताही येत नव्हतं, ते त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीचा फोटो त्याला परत करत होतं. त्याची कानशिलं तापायला लागली. सुचिताला त्याने लिहिलं की तुझ्या फोनमध्ये प्रॉब्लेम असेल. मग ते खोडलं.

खरं तर हे सगळं त्याने ओढवून घेतलं होतं आणि ते त्याला माहीत होतं, पण माहीत असणं आणि स्वतःशी कबूल करणं यात तो बरंच अंतर राखून होता. लग्न डिसेंबरात पनवेलच्या एका हॉलमध्ये झालं. फोटो काढायला सानपाड्याचा मानसिंग होता. नंदकुमारचं कुटुंब सानपाड्याला राहायचं तेव्हापासूनचा ओळखीचा, मुलीच्या, गीतांजलीच्या, शाळेच्या ओळखपत्राचे फोटोही त्यानेच काढलेले. लग्नानंतर तीन आठवड्यांनी नंदकुमार त्याच्या दुकानात गेला तेव्हा मानसिंग म्हणाला की एकूण साडेतीन हजारांच्या वर क्लिक आहेत, त्यातले चारशे निवडून, रंग-उजेड नीट करून देतो, अजून पंधरा दिवस द्या. नंदकुमारला त्यातला एकच शब्द ऐकू आला, निवडून. कोण निवडणार, त्याने विचारलं. लग्न कोणाच्या मुलीचं, माणसं कोणाची, त्यात कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे तुम्ही कसं ठरवणार. मानसिंगने समजावून पाहिलं की काका, हे रॉ असतं, कच्चं असतं, कॅमेऱ्याने बघितलं ते सगळं त्यात असतं पण असं देता येत नाही, ते शिजवावं लागतं. नंदकुमार तोपर्यंत उभा राहिला होता. आवाज चढला की तो उभा राहतो, किंवा उभा राहिला की त्याचा आवाज चढतो. "एकही गाळू नका," तो म्हणाला. "सगळे द्या. जसे असतील तसे. पुढचं मी बघतो." मानसिंगने वाद घातला नाही. त्याने एक हार्ड डिस्क काढली, केबल लावली, आणि दीड तास नंदकुमार दुकानातल्या स्टुलावर आपण काहीतरी जिंकलो आहोत अशा चेहऱ्याने बसून राहिला.

त्याला आता आठ महिने झाले होते. पहिले दोन महिने त्याने डिस्क कपाटात ठेवली, करू सवडीने म्हणून. फेब्रुवारीत त्याच्या बायकोची, जयमालाची, आई राजाबाई चिपळूणला गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. तेरा दिवस करून जयमाला परत आली आणि पाच-सहा दिवसांनी, कपडे वाळत घालता घालता, तिने विचारलं की लग्नात आईचा आणि माझा एखादा फोटो असेल ना हो. दोघींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. जयमालाच्या स्वतःच्या लग्नातला एक होता, त्यात आई कडेला अर्धी कापली गेलेली. नंदकुमार म्हणाला, असणारच, काढून देतो. मार्चमध्ये तिने पुन्हा विचारलं. मेमध्ये चिपळूणच्या भावाने आईच्या आधारकार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला आणि फोनवर पाठवला. डोळे ताठ, कपाळावर मशीनचा उजेड, ओठ कुणी शिवल्यासारखे. जयमालाने तो बराच वेळ बघितला, मग फोन पालथा ठेवून दिला, आणि त्यानंतर तिने फोटोंचा विषय काढला नाही. तिने विचारायचं बंद केलं हेच त्याला जास्त टोचत होतं. गीतांजली पुण्याहून म्हणत होती की बाबा, डिस्क कुरिअर करा, अभिराम एका दिवसात करून टाकेल सगळं. डिस्क पाठवणं म्हणजे जावयाने एका दिवसात करण्यासारखं काम सासऱ्याला आठ महिने जमलं नाही, हे कुरिअरच्या पाकिटावर लिहून पाठवण्यासारखंच होतं. तो म्हणाला, झालंच आहे, थोडं राहिलंय.

सुचिताचा निरोप आला त्या दिवशी दुपारी त्याने यूट्यूबवरच्या एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचं ऐकून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. सगळ्या फाइली निवडा, इथे दाबा, जाऊन चहा पिऊन या, असं तो माणूस म्हणत होता. नंदकुमारने दाबलं. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, त्याचं बूड तव्यासारखं तापलं, आणि अडतीस टक्क्यांवर पट्टी थांबली. माऊस हलेना. खिडकीबाहेर विमानतळाच्या बाजूने येणारी धूळ समोरच्या अर्धवट इमारतीवरच्या हिरव्या जाळीवर बसत होती, आणि जाळी वाऱ्याने फुगत होती, बसत होती. जयमालाने दारातून विचारलं की चहा ठेवू का, तर तो तिच्यावरच खेकसला, दिसत नाही का इथे काय चाललंय. ती गेली. ती गेल्यावर त्याला वाटलं की तिने निदान थांबून विचारायला हवं होतं, काय झालं म्हणून. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, दुसऱ्या दिवशी शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने करून पाहिलं, आणि शेवटी फोटो निघाले तेव्हा ते बघून त्याला रडू यायचं बाकी राहिलं. सगळे मळकट. गीतांजलीचा शालू, जो खरेदी करताना डोळ्यांत भरत होता, तो धुऊन विटलेल्या चादरीसारखा. होमाच्या ज्वाळा पांढऱ्या. स्वतःचा फेटा मातकट. मानसिंगचा शब्द त्याला आठवला, शिजवावं लागतं, आणि तो आठवल्याचाही राग आला.

मग तो एकेक फोटो घेऊन बसायला लागला. कारखान्यातली सवय होती ती. एक तुकडा हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, फिरवायचा, बोटाने चाचपायचा. पडद्याच्या उजव्या बाजूला खुंट्या होत्या, उजेडाची, अंधाराची, रंगाच्या उबेची. खुंटी थोडी सरकवली की माणसाच्या गालावर रक्त यायचं, जास्त सरकवली की कावीळ. रोज सकाळी नऊला बसायचं, दुपारी दोन-अडीचपर्यंत. त्यात एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात यायला लागली. निवडलेल्या फोटोंत माणसं फोटोसाठी असतात. इथे निवडलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे इथे माणसं फोटोच्या आधीची आणि नंतरची होती. हसू ओठांवर चढायच्या आधीचे चेहरे, हसू उतरल्यावरचे चेहरे, मिटलेले डोळे, पदर सावरणारे हात, घड्याळाकडे बघणारे पाहुणे. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कडेला तो स्वतः. बोट रोखलेला. तोंड उघडं. कुणाला तरी काहीतरी सांगताना. आचाऱ्याला, भटजींना, हॉलच्या मॅनेजरला, सुचिताच्या नवऱ्याला. त्याला त्या दिवशी वाटलं होतं की आपण सगळं सांभाळतोय. इथे दिसत होतं की एक माणूस दिवसभर सगळ्यांवर ओरडत फिरतोय, आणि त्याची पाठ वळली की माणसं एकमेकांकडे बघतायत. त्याने त्यातले काही फोटो पुढे ढकलले. दोन पुसून टाकले. मग पुसलेले पुन्हा कचरापेटीतून काढून जागेवर ठेवले, कारण एकही गाळू नका असं म्हणणारा तोच होता आणि कुणी विचारलं नसलं तरी हिशेबाला तो पक्का होता.

चौथ्या दिवशी, एकच्या सुमाराला, त्याच्यासमोर अभिरामच्या आत्याचा फोटो आला. आत्याबाई ओटी घेतायत, फ्लॅशचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर, मागे काळोख. असे एकामागोमाग आठ फोटो होते, मानसिंगने बोट दाबून धरलं असावं. त्याला ते निकामी वाटले. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून त्याने त्यावरचा उजेड उतरवला, आणि सहज, मागचा काळोख किती खोल आहे ते बघावं म्हणून, अंधाराची खुंटी शेवटपर्यंत वर नेली. काळोख आधी तपकिरी झाला, मग दाणेदार राखाडी, आणि त्यातून एकावर एक रचलेल्या खुर्च्या वर आल्या, कोठीच्या खोलीचं दार वर आलं, आणि दाराशी दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसलेल्या दोन बायका वर आल्या. त्याने मोठं करून पाहिलं. राजाबाई आणि जयमाला. सापडला. सहा महिने ज्यासाठी ती अडली होती तो सापडला होता, आणि त्याला सापडला होता, मानसिंगने तर हे आठच्या आठ फेकून दिले असते. तो तिला हाक मारणारच होता. पण पहिल्या फोटोत आत्याबाईंच्या खांद्याआड जयमाला अर्धी गेली होती, म्हणून त्याने दुसरा उजळला. दुसऱ्यात दोघींच्या मधून कुणीतरी चाललं होतं. तिसऱ्यात दोघी स्वच्छ होत्या. राजाबाईच्या मांडीवर ताट होतं, आणि ती हाताने लेकीला भरवत होती. पंचावन्न वर्षांच्या लेकीला. जयमालाने तोंड पुढे केलं होतं, डोळे अर्धे मिटलेले, आणि म्हातारीची नजर लेकीच्या तोंडावर अशी लागली होती की ती नजर त्याने तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. पाहिली असती तरी ती त्याच्यासाठी नसतीच. आणि जयमालाच्या दंडावर एक हात होता.

हात चौकटीच्या बाहेरून, काळोखातूनच आला होता. माणूस दिसत नव्हता. चार बोटं दंडाच्या मांसात रुतलेली, ब्लाउजच्या बाहीला त्यामुळे चुण्या पडलेल्या, आणि अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं. ते नख कारखान्यात एका लोखंडी फ्लँजखाली चेंगरलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती. त्याने पुढचा फोटो उजळला. चौथ्यात जयमालाचं तोंड वळलं होतं. पाचव्यात ती अर्धी उठली होती. सहाव्यात तो स्वतः आत आला होता, फेट्यासकट, तोंड उघडं. सातव्यात खुर्ची रिकामी होती, आणि राजाबाईचा हात, बोटांत जिलबीचा तुकडा धरलेला, अजून तिथेच होता, हवेत, लेकीचं तोंड जिथे होतं तिथे. आठव्यात तिने तो तुकडा ताटात परत ठेवला होता.

त्याला हे अजिबात आठवत नव्हतं. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला, जसं काही आठवलं तर त्याला काही कारण सापडेल. दोन वाजून गेले असतील, मुलाकडचे लोक निघायच्या घाईत होते, विहीणबाई दारात उभ्या होत्या, त्याने सगळा हॉल शोधला असेल आणि ही कोपऱ्यात सापडली असेल. तो काय म्हणाला असेल तेही त्याला माहीत होतं, कारण तो तेच म्हणतो. लोक खोळंबलेत आणि तू इथे काय बसलीस. कन्यादान होईपर्यंत ती उपाशी होती. त्याने खाल्लं होतं का? त्याने अकरा वाजता आचाऱ्याकडे चव बघायच्या निमित्ताने खाल्लं होतं. आणि मग, कुणी खुंटी वर नेत असल्यासारखं, मागचं बाकीचंही दिसायला लागलं. सानपाड्याच्या एका खोलीच्या घरात ती ओट्याशी उभ्याने जेवायची. का उभ्याने, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं तिला तसंच आवडतं. राजाबाई एकदा आठ दिवस राहायला आली होती, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन. त्याने शर्टाचं बटण शोधायला जयमालाला पानावरून उठवलं तेव्हा म्हातारी म्हणाली होती, जावईबुवा, ती जेवतेय हो. नुसतं एवढंच, हळू आवाजात. त्यावर तो म्हणाला होता की मला कामावर जायचंय, तिला काय, दिवसभर घरीच आहे. राजाबाई त्यानंतर सानपाड्याला फारशी आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची.

आता काय करायचं ते उघड होतं. फोटो एकच होता, तिसरा, आणि त्यातून हात काढायचा होता. त्याने चौकट लहान करून पाहिली. डावीकडून आत घेतली, तर हात जाईना. हात जयमालाच्या दंडालाच चिकटलेला होता. आणखी आत घेतली तेव्हा हात गेला, पण त्याबरोबर जयमालाही गेली, आणि राजाबाईचा भरवणारा हात मनगटापाशी तुटला. नुसता चेहरा उरला, खाली झुकलेला, कशाकडे तरी बघणारा. त्याने काळोख पुन्हा थोडा वाढवून पाहिला, म्हणजे हात दिसेनासा होईल. तर आधी म्हातारीचा चेहरा विझला, कारण तो हातापेक्षा सावळा होता. हिंदी बोलणाऱ्या माणसाने दाखवलेलं पुसायचं हत्यार घेऊन त्याने बोटांवरून फिरवलं, तर मशीनने त्या जागी बाहीचं कापड भरलं, पण चुण्या तशाच राहिल्या. कापड कुणीही धरलेलं नसताना दुमडलेलं. तो पुसत राहिला, परत आणत राहिला. तळहाताला घाम आला होता आणि माऊस निसटत होता. एक हात. साडेतीन हजारांवर फोटोंमधून एक हात काढायचा होता, आणि तो निघत नव्हता. शेवटी त्याने नुसत्या राजाबाईचा चेहरा ठेवलेली चौकट पडद्यावर आणली आणि ठरवलं की हाच द्यायचा. आधारकार्डापेक्षा शंभर पटींनी बरा.

दीड वाजला होता. जयमाला जेवायला बोलवायला म्हणून दारात आली आणि पडद्याकडे बघून तिथेच थांबली. मग आत आली. त्याने खुर्ची बाजूला घेतली. तिने चष्मा पदराला पुसून लावला आणि वाकून बघितलं. त्याने सांगायला सुरुवात केली की काळोखात होता, मोठ्या मुश्किलीने काढलाय, थोडा दाणेदार आहे पण लहान आकारात छान येईल.

"आई कुणाकडे बघतेय?" तिने विचारलं.

"अशीच. खाली कुठेतरी."

"मला ठाऊक आहे ती कुणाकडे बघतेय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "सगळा दाखवा."

त्याने दाखवायला नको होतं, किंवा दुसरी काही सबब सांगायला हवी होती. पण त्याच्या बोटांनी त्याच्या आधी ऐकलं आणि चौकट पुन्हा मोठी झाली. राजाबाईचा हात आला, जिलबीचा तुकडा आला, तिचं स्वतःचं पुढे केलेलं तोंड आलं, आणि दंडावरचा हात आला. जयमालाने पडद्याला हात लावला नाही. ती बघत राहिली. तिच्या श्वासाचा आवाज त्याच्या कानाशी येत होता आणि त्याला वाटलं की आता ती रडेल, आणि रडली तर बरं, कारण रडण्याचं काय करायचं हे त्याला थोडंफार माहीत होतं. ती रडली नाही.

"त्या दिवशी मी तो तुकडा खाल्ला नाही," ती म्हणाली. "नंतर म्हटलं, बसू कधीतरी निवांत."

"मला आठवत नाही गं," तो म्हणाला. हे तो खरंच बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला कळलं की याच्याइतकं वाईट दुसरं काही त्याला बोलता आलं नसतं. मग तो घाईने म्हणाला की हात काढता येतो, आपल्याला जमत नसेल तर दुकानात देऊ, कळणारही नाही कुणाला.

"नको." तिने मान हलवली. "हात पुसलात तर मी आपणहून उठले असं होईल."

एवढं बोलून ती सरळ झाली. चष्मा काढून हातात घेतला. भाकऱ्या गार होतायत, येताय का, असं तिने विचारलं, रोजच्यासारखंच, आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं की थांब, एवढं करून येतो. ती स्वयंपाकघरात गेली.

तो खुर्ची पुढे ओढून बसला. तिसरा फोटो, पूर्ण. आत्याबाईंचा खांदा तेवढा त्याने कापला. त्याने काही बिघडत नव्हतं. उजेड किती ठेवायचा, याच्यावर तो थांबला. कमी ठेवला तर हात नुसती सावली वाटेल, कुणाला त्यात काही दिसणार नाही. त्याने खुंटी होती तिथेच ठेवली, जिथे म्हातारीचा चेहरा नीट दिसत होता, आणि म्हणून नखही दिसत होतं. मशीनने विचारलं की दर्जा किती ठेवायचा. त्याने शंभर केला. निळी पट्टी या वेळी एकदाच चमकली आणि संपली. सव्वीस एमबीची फाइल तीन एमबीची झाली, कुणालाही, कुठेही, कुठल्याही फोनवर उघडेल अशी. तो त्या फाइलकडे बघत राहिला. चिपळूणला पाठवायची होती. पुण्याला जाईल. गीतांजली मोठी करून बघेल, बोटांनी ताणून, आणि तिला ते नख ओळखायला क्षणही लागणार नाही. त्याचा अंगठा माऊसवर होता. आपण होऊन पाठवायचा त्याला धीर होईना, आणि न पाठवण्याचा अधिकार आता आपल्याला आहे असंही वाटेना.

"जया," त्याने हाक मारली. "पाठवू का भावाला? जरा ये, बघून सांग."

आतून ताटाचा आवाज आला. मग पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा. तो कान देऊन ऐकत होता, खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून, पावलं येतील म्हणून.

"जेवतेय मी," तिथूनच ती म्हणाली. "झालं की येते."

तो बसून राहिला. भाकरी मोडल्याचा आवाज इथवर येत नव्हता, पण ती मोडत असणार हे त्याला कळत होतं; एक घास, मग थोडा वेळ काहीच नाही, मग दुसरा. ती घाई करत नव्हती. पडदा वेळ झाली म्हणून आपोआप काळा झाला, आणि त्याने तो उजळायला हात पुढे केला नाही. त्यालाही भूक लागली होती. तो थांबला.